टिडेमांड आणि वेरेन्शियोल्ड दोघेही नॉर्वेचे शेतकरी रंगवतात, मग फरक कसा ओळखायचा?

कपड्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल. आधी उजेड कुठून येतो ते बघा. आडोल्फ टिडेमांड राहायचा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला. नॉर्वेत हिंडून माणसं, पोशाख, घरं यांची रेखाटनं जमवायची आणि मोठं चित्र स्टुडिओत जुळवायचं, ही त्याची रीत. 'हाउगियानर्ने' (म्हणजे हाउगे या धर्मप्रचारकाचे अनुयायी) या चित्रामध्ये (ऑस्लोतली आवृत्ती 1852 ची) छपराच्या धुराड्यातून उजेडाचा झोत थेट उभ्या प्रवचनकारावर पडतो, भोवती अंधार. माणसं खरी वाटतात, पण मांडणी नाटकाच्या रंगमंचासारखी.

एरिक वेरेन्शियोल्ड पॅरिसमध्ये उघड्यावरची चित्रकला बघून आलेला. त्याचं 'एन बोंडेबेग्रावेल्से' म्हणजे शेतकऱ्याचं दफन, 1883–85 चं. लख्ख ऊन सगळ्यांवर सारखंच, ताज्या मातीचा ढीग, भोवती मोजकी माणसं. पाद्री नाहीच, एक तरुण पुस्तकातून वाचतोय. रडारड नाही, नायक नाही. मला हेच जास्त भिडतं.

बाकी टिडेमांडला 'खोटा' म्हणू नका. पोशाखाचे बारकावे त्याने नीट टिपलेत. सजवलेली आहे ती मांडणी. दोन्ही चित्रं ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.