सूनबाईला आत नेऊन काय विचारलं?

प्रश्न : मागे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन मुली घरी आल्या होत्या. शेजारच्या घरात तिघांना साखर आहे, ते सोडून आमचंच घर धरलं. ‘तिकडे जा’ म्हटलं तर ऐकेनात. सुनेला आतल्या खोलीत नेऊन पाऊण तास बोलल्या आणि माझ्याकडे मागितलं काय, तर मीठ! ही कसली पाहणी?
– एक सासूबाई, जुन्नर

उत्तर : काकू, तुमच्याकडे आलेली मी नव्हे, पण 2019 च्या फेरीत मीही टॅब आणि वजनकाटा घेऊन नगर जिल्ह्यात हिंडले आहे.

घर आमच्या मर्जीने ठरत नाही. आधी गावातल्या घरांची यादी होते, मग ठरावीक अंतराने 22 घरं उचलतात. साखरवाल्यांचीच घरं शोधत बसलो, तर अख्ख्या गावाला मधुमेह आहे असं दिसेल. कुलूप असलं तरी शेजारचं घर चालत नाही. एका घरी मी तीन खेपा घातल्या. माणसं कांदा काढायला पहाटेच निघायची. शेवटी दिवेलागणीला गाठली. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने त्या फेरीत देशभरातली 6,36,699 घरं अशीच गोळा केली.

मिठाची तर गंमतच. रोजच्या भाजीतलं मीठ मागितलं की फडताळातली कोरी पिशवी पुढे यायची. तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला की मीठ निळं-जांभळं होतं, म्हणजे आयोडीन आहे. एकदा तशी नोंद करून उठणार, तोच धाकटी पोर म्हणाली, ‘आई, हे पाहुण्यांचं ना?’ मग चुलीमागची खडेमिठाची बरणी आली. थेंब टाकला, मीठ पांढरंच. नोंद झाली ती त्या बरणीची.

आता सूनबाई. सासू समोर बसलेली असताना ‘मशेरी लावता का?’ विचारून बघा, उत्तर ‘नाही’च येतं. (नुसतं ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर मशेरी लावणारीही ‘नाही’ म्हणते, ते वेगळंच!) म्हणून एकांत लागतो. तुमचा रक्तदाब तीनदा मोजला ना? नियमच तसा आहे, मध्ये पाच-पाच मिनिटं थांबून. तेवढ्यात माझी जोडीदारीण सासूबाईंना ओट्यावर बसवून ठेवायची आणि मी आतलं बोलणं उरकून घ्यायची. चला, आमचं बिंग फुटलं!

आत काय विचारलं, ते मीही सांगणार नाही. पण आमच्या फेरीत बोट टोचून हिमोग्लोबिन पाहायचो, तो आकडा जागेवरच लिहून द्यायचो. त्या फेरीत आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सूनबाईचंही तसं तपासलं असेल, तर कागद तिच्याकडे असेल. तेवढं विचारा तिला, बाकीचं नको.