स्प्लिट लावण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात बसून टेक्सासचे ट्रक हलवायचं काम तू पत्करलंस. “तास संपत आले? मग स्प्लिट लाव,” हे एव्हाना कुणीतरी तुला शिकवलं असेलच. ते विसर. स्प्लिट म्हणजे ड्रायव्हरच्या सक्तीच्या विश्रांतीचे दोन तुकडे करणं. स्प्लिटने तास वाढत नाहीत, नुसते पुढेमागे सरकतात, आणि त्याचा हिशोब बहुधा तू घरी जाऊन झोपल्यावर लागतो.

मूळ नियम तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलाय. सलग १० तास विश्रांती झाली की पुढच्या १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते. १४ तासांचं हे घड्याळ एकदा सुरू झालं की ड्रायव्हर जेवायला थांबो नाहीतर गोदामाच्या दारात ताटकळो, ते चालूच राहतं. स्प्लिटची सोय नेमकी इथे आहे. विश्रांतीचे दोन तुकडे करायचे. मोठा किमान ७ तासांचा, सलग आणि स्लीपर बर्थमध्येच, म्हणजे ट्रकच्या केबिनमधल्या झोपायच्या जागेत. छोटा किमान २ तासांचा, बर्थमध्ये किंवा ऑफ ड्यूटी. बेरीज १० पेक्षा कमी चालत नाही. २९ सप्टेंबर २०२० पूर्वी मोठा तुकडा ८ तासांचा लागायचा आणि छोटा १४ तासांतच धरला जायचा. आता दोन्ही तुकड्यांत घड्याळ थांबतं.

आता कागद घे. ड्रायव्हर पूर्ण विश्रांती घेऊन सकाळी ६ ला डॅलसहून निघाला, १० ला ह्यूस्टनला पोचला. १ वाजेपर्यंत डॉक, म्हणजे माल चढवायची जागा, मिळेना, म्हणून तो बर्थमध्ये पडला. मग दीड तास लोडिंग आणि कागदपत्रं. अडीच वाजले. स्प्लिट नसेल तर त्याला रात्री ८ नंतर गाडी चालवता येणार नाही. स्प्लिट धरला तर उरलेले ७ तास चालवून तो साडेनऊला थांबेल. दीड तास मिळाला, लोड पुढे सरकला, तू खूश.

पहाटे साडेचारला बर्थमधले ७ तास पुरे होतात. किती तास हातात आले? ११ नाहीत, ४. कारण हिशोब पहिला तुकडा संपला तिथून, म्हणजे दुपारी १ पासून लागतो, आणि तेव्हापासून तो ७ तास चालवून बसलाय. १४ पैकीही साडेपाचच उरलेत. तोच माणूस साडेसातपर्यंत झोपला असता तर पूर्ण ११ घेऊन उठला असता. सकाळची डिलिव्हरी ४ तासांच्या टप्प्यात असेल तर हे गणित सोन्यासारखं. नसेल तर तू दीड तासासाठी दुसरा अख्खा दिवस कुरतडलास.

दुसरी गोची. ह्यूस्टनला १२:४० ला डॉकवाल्याने “गाडी जरा पुढे घे” म्हटलं आणि त्याने घेतली, की तुकडा २ तास ४० मिनिटांवर तुटला. मग रात्री ७ तास २० मिनिटं बर्थमध्ये हवीत. तो ७ तासांनीच उठून निघाला तर जोडी जुळत नाही, आणि आदल्या रात्री ८ नंतर चालवलेला वेळ मागाहून उल्लंघन ठरतो. माल पाठवणाऱ्या शिपरला फोन करून “तीन तास गाडी हलवायची नाही” हे आधीच कबूल करून घेणं, हे तुझं काम.

झोप लागली की नाही, हे मात्र ईएलडीला, म्हणजे ट्रकमधल्या तास नोंदवणाऱ्या यंत्राला, कळत नाही. बर्थ नियमाप्रमाणे किमान ७५ इंच लांब, २४ इंच रुंद. बाजूला रीफरचा (थंड मालाच्या ट्रकचा) घरघराट, डोक्यावर दुपारचं ऊन, आणि मध्येच पोचायची वेळ (ईटीए) विचारणारा तुझा फोन! शिवाय साडेनऊला ट्रक स्टॉपवर जागा मिळणं कठीण, ती शोधण्यात त्याचे शेवटचे तास जातात. बऱ्याच ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात, म्हणून “चालवशील का?” विचारलंस तर तो हो म्हणेल. “झोप झाली का?” असं विचार. तो नाही म्हणाला तर लोड देणाऱ्या ब्रोकरला नवी वेळ माग आणि विषय संपव. नियम मोडायला ड्रायव्हरवर दबाव आणणं अमेरिकेत बेकायदा आहे, आणि तिथल्या कायद्यात या दबावासाठी तो आणणाऱ्याला धरतात.

मी स्वतः स्प्लिट कधी लावतो? ड्रायव्हरनेच मागितला तर. अटलांटासारख्या शहराची संध्याकाळची गर्दी टाळायची असेल तर. थांबणं पक्कं आहे आणि ते तीन तासांच्या वर जाणार हे माहीत असेल तर. एरवी नाही.

शिफ्टच्या नोंदीत एक सवय लावून घे. उन्हाळ्यात ह्यूस्टनचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ८. तू तेव्हा घरी असतेस, गाडी दुसऱ्याच्या हातात असते. त्याला नुसतं “स्प्लिट चालू” लिहून ठेवू नकोस. पहिला तुकडा किती वाजता संपला, किती मिनिटांचा होता, दुसरा किती लागेल आणि त्यानंतर किती तास उरतील, चारही आकडे लिही. वेळा लॉगमधल्याच घाल. लॉग ड्रायव्हरच्या होम टर्मिनलच्या, म्हणजे तो ज्या तळावरून काम करतो तिथल्या, वेळेने चालतो, त्यामुळे टर्मिनल न्यू जर्सीत असेल तर ह्यूस्टनच्या भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे दिसेल.