लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं दिसतंय, पण नेट नाही?
आधी मोबाईल डेटा बंद करून फोन त्याच वायफायवर चालतो का बघ. चालला, तर दोष बहुतेक लॅपटॉपचाच. नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाईप करायची खिडकी) 'ipconfig' (आयपीकॉन्फिग) दे. तिथे दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर, १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने आपल्या मनाने लावून घेतलाय. राऊटर बंद-चालू कर, नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाक. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पत्ता १९२.१६८चा असूनही साइट उघडत नसतील, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून गूगलचा ८.८.८.८ करून बघ. आणि आतल्या खोलीत वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडचा हट्ट नको, भिंतीपलीकडे २.४ बरं पोचतं, वेग कमी का असेना. विंडोज फॉरमॅट मारणं अगदी शेवटी. दुरुस्तीवाले मात्र तिथूनच सुरुवात करतात!