पहिली कथा पाठवण्याआधी

अगं, कथा चांगली आहे, पण आजच पाठवू नकोस. आधी ज्या मासिकाला पाठवणार आहेस त्याचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात बसून वाच.

तुझ्या कथेत पुरात अडकलेलं घर आहे. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे पुरावरच्या कवितांचा ढीग आला होता. बहुतेकींत कृष्णामाई कोपली होती, आभाळ फाटलं होतं. मला आजही आठवते ती एकच, जिच्यात पाणी ओसरल्यावर आजी भिजलेलं रेशनकार्ड तव्यावर शेकत बसते. तुझ्याकडंही तसं आहे! पहिला दीड परिच्छेद पावसाच्या वर्णनाचा, तो काढ. कथा सुरू होते ती आई तांदळाचा डबा माळ्यावर चढवते तिथं. आणि संवादातलं आपल्या बोलीतलं 'काय करालाईस' कुणी सांगितलं तरी बदलू नकोस.

युनिकोडमध्ये टाइप कर, वहीच्या पानाचा फोटो नको. सोबत चार ओळींचं पत्र, त्यात कथेचा अर्थ समजावायचा नाही. एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांना तर मुळीच नाही.

दिवाळी अंकाचं म्हणशील तर १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेली ही परंपरा मला फार प्रिय आहे. पण तिथं गर्दी असते आणि अंक पावसाळ्यातच ठरत जातात. पहिली कथा साध्या अंकाला द्यावी, असं माझं मत.

संक्रांतीला कृष्णाकाठच्या औदुंबरच्या साहित्य संमेलनाला येशीलच. दुरुस्त केलेली प्रत आण, नदीकाठी बसून मोठ्यानं वाचू.