बदलापूरला जायचं म्हणतेस, तर आधी हा हिशोब कर

अगं,

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. घाटकोपरच्या वन आरकेचं भाडं मालकाने २२ हजारावर नेलं आणि इकडे बदलापूरला ९ हजारात वन बीएचके मिळतोय, शिवाय बाल्कनी, शिवाय लिफ्ट, "ताई, महिन्याला सरळ १३ हजार वाचतात, मग मी घाटकोपरला का मरतेय?" फोनवरच बोलले असते पण तू फोनवर मध्येमध्ये बोलतेस म्हणून लिहितेय, आता शांतपणे वाच.

मी २००३ पासून इथे राहतेय, त्यामुळे खरं तर मी बदलापूरची बाजू घ्यायला हवी आणि घेणारही आहे, पण आधी तुझे ते १३ हजार बघू.

तुझं ऑफिस बीकेसीत, वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये. आत्ता दारापासून दारापर्यंत पाऊण तास लागतो, हे तूच सांगितलंस. बदलापूरहून कसं होतं बघ, बिल्डिंगखाली शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, मग स्टेशन, गाडीची वाट, कुर्ल्यापर्यंत तास-सव्वातास, कुर्ल्याला उतरून परत बीकेसीच्या रिक्षाची नाहीतर बसची रांग. दोन तासाला पाच मिनिटं कमी धर, तेसुद्धा सगळं वेळेवर असेल तर. म्हणजे एका बाजूला ७० मिनिटं जास्त, जाऊन-येऊन २ तास २० मिनिटं, शनिवार धरून महिन्याचे २५ दिवस, झाले ५८ तास. आता पैसे. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन ४० रुपये म्हणजे महिन्याचे हजार. सेकंड क्लासच्या पासचं म्हणशील तर त्याच्याइतकी स्वस्त गोष्ट या शहरात दुसरी नाही, पण पहिल्या महिन्यात तू सेकंडने जाशील आणि दुसऱ्या महिन्यात फर्स्टचा काढशील हे मी आत्ताच लिहून देते, तेव्हा फरकाचे ८०० धर. महिन्यातून एखाद्या रात्री गाड्या बोंबलणार किंवा ऑफिसात अकरा वाजणार, मग कुर्ल्याहून कॅब, १२०० गेले. आणि साडेनऊला घरी पोचल्यावर कणीक मळायची ताकद नसते म्हणून पार्सल येतं, त्याचे दीड हजार, हे कमीच धरतेय. साडेचार हजार गेले, उरले साडेआठ. त्याला ५८ ने भाग.

तासाला दीडशेसुद्धा नाही पडत. तुझा पगार आणि तुझे कामाचे तास मला माहितीयत, तू ऑफिसला तुझा तास यापेक्षा जास्त भावाने विकतेस. मग गाडीत लोंबकळायला इतक्या स्वस्तात कशाला द्यायचा?

पण थांब, लगेच "मग नकोच" म्हणू नकोस. मध्ये तुझ्याकडे आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला यायचं चाललं होतं ना, ते पक्कं झालं तर हेच गणित उलटं होतं. महिन्याचे ९ दिवस म्हणजे फक्त २१ तास, वरखर्च दोन हजाराच्या आसपास, वाचतात ११ हजार, तासाला पाचशेच्या वर. तसं असेल तर मी म्हणेन उद्याच ये. फक्त एक लक्षात घे, वर्क फ्रॉम होम देणारा ईमेल असतो तसा ते काढून घेणाराही ईमेलच असतो आणि तो शुक्रवारी संध्याकाळी येतो. त्यामुळे भाड्याने ये, कर्ज काढून नको, निदान पहिल्या वर्षी तरी.

आता गाडीचं. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरच्या आसपास आहे पण अंतर हा प्रॉब्लेम नाहीच, प्रॉब्लेम कल्याणच्या पुढे आहे. कल्याणपर्यंत फास्ट-स्लोच्या वेगळ्या लाइनी आहेत, पुढे कर्जतकडे मात्र दोनच, त्याच दोन रुळांवरून आपली लोकल आणि त्याच रुळांवरून पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस. कुठेतरी एक्स्प्रेसला वाट द्यायला लोकल थांबली की डब्यात सगळ्या एकदम घड्याळ बघतात. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन टाकायचं काम काढलंय, होईल तेव्हा होईल, तिच्या भरवशावर घर घेऊ नकोस, आम्ही अशा पुष्कळ "होईल"वर घरं घेतली.

सकाळी कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाडीत चढायचा विचारही करू नकोस, बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांचं टाइमटेबल पाठ कर. लेडीज डब्यात पहिले पंधरा दिवस तुला कोणी जागा देणार नाही. ग्रुप ठरलेले असतात, "इथे येणारे" म्हणून पर्स ठेवलेली असते, आणि तिघींच्या बाकावरची चौथी सीट म्हणजे काय हे तुला पहिल्याच दिवशी अर्ध्या मांडीवर बसून कळेल. पण एकदा का तुझी गाडी ठरली की त्याच बायका तू दोन दिवस दिसली नाहीस तर फोन करतात. माझी मेथी मी वीस वर्षं मुलुंड ते डोंबिवलीच्या मध्ये निवडलीय, माझं डोहाळजेवण डब्यात झालंय. तुम्ही मुली आता कानात हेडफोन घालून बसता, चालायचंच, पण किमान समोरचीचं नाव विचारून ठेव, अडकलीस की उपयोगी पडतं.

आणि घर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं बघ. जाहिरातीच्या बोर्डावर "स्टेशनपासून फक्त ५ मिनिटे" लिहिलेलं असतं, ती पाच मिनिटं रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर बाइकने मोजलेली असतात असं माझं पक्कं मत आहे. संध्याकाळच्या गाडीला तू उतरलीस की तुझ्याबरोबर हजार माणसं उतरतात आणि सगळी एकाच रिक्षास्टँडकडे पळतात. रात्री दहानंतर शेअरवाले "स्पेशल जाणार" म्हणतात. चालत जाण्याच्या अंतरावरचं घर दोन-अडीच हजाराने महाग असलं तरी ते घे, त्यातले हजार तर रिक्षाचेच वाचतात आणि रोजचा अर्धा तास वर.

आता माझी चूक सांगते, आमच्या घरात अजून कोणी हा विषय काढला की मी चहा करायला उठते. आम्ही २००३ ला पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला, तळमजल्याचा फ्लॅट घेतला. त्याच बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. आम्हाला वाटलं सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना नको, आणि वर स्वस्त, म्हणजे लॉटरीच! स्वस्त का, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. २६ जुलै २००५ ला मी फोर्टमध्ये ऑफिसातच अडकले, दोन रात्री टेबलावर झोपून काढल्या, फोन लागेनात, आणि इकडे घरात कमरेइतकं पाणी. सासूबाई आणि मुलगा वर तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होते हे मला तिसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर कळलं. पाणी ओसरलं, गाद्या गेल्या, फ्रिज गेला, माझी लग्नाची पैठणी चिखलात. लोखंडी कपाट तेवढं राहिलं. त्याच्या दारावर पाण्याची तपकिरी रेघ आहे, हँडलच्या वर चार बोटं. घासली, रंगवून घेतलं, दोन पावसाळ्यांनी रंगातून परत दिसायला लागली. २००८ ला आम्ही पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आलो ते कपाटासकट. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून हजाराच्या वर माणसं बाहेर काढावी लागली, टीव्हीवर बघितलं असशील, त्या दिवशी पश्चिमेच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडीकडे परत पाणी शिरलं. २०२१ लाही.

म्हणून पश्चिमेला घर बघितलंस तर एजंटला विचारू नकोस, समोरच्या वाण्याला विचार, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलेलं?" तो दुकानातून बाहेर येऊन हाताने भिंतीवर दाखवेल. पूररेषेचा नकाशा असतो, निळी रेषा लाल रेषा, तोही बघ, पण आधी वाणी.

मे महिन्याचंही सांगते. इथे समुद्राचं वारं नाही, पारा चाळिशीच्या वर सहज जातो, आणि पहिल्या वळवाच्या पावसाला वारा सुटला रे सुटला की लाइट जातात. इन्व्हर्टरचे २०-२५ हजार एकदाच, पण ते तुझ्या हिशोबात नाहीत. पाण्याचं सोसायटीत विचार, नळाला किती वाजता आणि किती वेळ, आणि गेल्या मेमध्ये टँकर किती आले. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, तुझ्या अॅग्रीमेंटमध्ये मेंटेनन्स मालक भरणार की तू, हे वाचून सही कर. डाळ-तेल-साबण इथे काही स्वस्त नाही, ऑनलाइनचा भाव सगळीकडे तोच. स्वस्त काय, तर कामाच्या बाई, पोळी-भाजीचा डबा, शिवणकाम, आणि फर्निचर, पडदे घ्यायला उल्हासनगर जवळ. मोठं आजारपण निघालं तर कल्याण नाहीतर ठाणं गाठावं लागतं, घरात म्हातारं माणूस असेल तर याचा विचार आधी.

आणि कशासाठी राहते मग मी इथे? पावसाळ्यात स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कर्टुली घेऊन बसतात, आधी जांभळं असतात, पानात बांधलेली. सकाळी गॅलरीत चहा घेताना डोंगर दिसतो, अजून तरी दिसतो, समोर टॉवर यायचाय. माझ्या मुलाने सायकल रस्त्यावर शिकली. २००१ च्या जनगणनेत हे गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाख झालं, आता किती ते रिक्षाच्या रांगेत उभं राहून मोज.

विकत घ्यायचं भूत शिरलं तर एवढंच, बोर्डावरच्या किमतीवर स्टॅम्प ड्युटी सहा-सात टक्के, रजिस्ट्रेशन एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, बांधकाम चालू असेल तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का जीएसटी नाहीतर पाच, ओसी, म्हणजे बिल्डिंग राहायला तयार असल्याचा दाखला, आलेलं असेल तर जीएसटी नाही. ३५ लाखाच्या घराला, जीएसटी एकच टक्का धरला तरी, हे तीनेक लाख होतात आणि बँक साधारण ते देत नाही. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली, हे लग्नाआधीच कळलेलं बरं! महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस.

पण ते सगळं नंतर. आधी ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट कर, आणि असं कर की त्यात मे पण येईल आणि जुलै पण.

आणि त्याच्याही आधी, घर बघायला रविवारी येऊ नकोस. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि नसला तर गाडी रिकामी, दोन्हीने फसशील. मंगळवारी ये, ऑफिस सुटल्यावर, कुर्ल्याहून सहा-साडेसहाची बदलापूर पकड, लॅपटॉपची बॅग पोटाशी धर. रात्री माझ्याकडे राहा, पिठलं-भाकरी करते, आणि बुधवारी सकाळी माझ्याच रिक्षास्टँडवरून ऑफिसला जा. अंथरूण आहे, टॉवेल तेवढा आण.

तुझी ताई