जवसातला औषधी घटक प्रोटिओमिक्सने सापडेल का?

तुम्ही विचारलंय, की भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीने, म्हणजे धान उभं असतानाच बी फेकून, घेतात त्या जवसावर एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे, तर त्यातला औषधी घटक प्रोटिओमिक्सने, म्हणजे नमुन्यातली सगळी प्रथिनं एकत्र ओळखण्याच्या तंत्राने, शोधता येईल का. मी याच भागातल्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. विषय मनापासून आवडला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कुठला घटक ते ठरवा. जवसाचं नाव ज्या ओमेगा-३ मुळे झालं ते मेदाम्ल आहे आणि लिग्नन हा लहान रेणू. दोन्ही प्रथिनं नव्हेत. प्रोटिओमिक्समध्ये आपण प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) तोडतो, तुकड्यांची वस्तुमानं मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतो आणि ती डेटाबेसशी जुळवतो. त्यात हे घटक दिसणारच नाहीत. हळदीतलं कुर्क्युमिनही नाही.

लहान रेणूंसाठी हे तंत्र उलट्या बाजूने वापरतात: रेणू पेशीतल्या कोणत्या प्रथिनांना जाऊन चिकटतो ते शोधायला. गडचिरोलीत मलेरियावर ज्या औषधांच्या जोडगोळ्या देतात, त्यांतलं आर्टेमिसिनिन मूळचं एका वनस्पतीतलं. ते मलेरियाच्या परजीवीतल्या १२४ प्रथिनांना धरतं, असं २०१५ मध्ये याच मार्गाने दाखवलं गेलं. पण त्यासाठी रेणूला रासायनिक खूण जोडावी लागते, परजीवी वाढवावे लागतात. एमएस्सीच्या वेळात हे बसत नाही.

मात्र जवसात एक गोष्ट अशी आहे की मी तुमच्या जागी असते तर तीच धरली असती. सायक्लोलिनोपेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी वर्तुळं. त्यांतलं पहिलं १९५९ मध्ये जवसाच्या तेलातून मिळालं. नऊ अमिनो आम्लांचं वर्तुळ, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवर घालण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसलेला. ते पेशीत आधी लांब प्रथिन म्हणून तयार होतं, मग कापून त्याचा गोल होतो.

नेहमीच्या पद्धतीत नेमकं हेच निसटतं. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिनपाशीच कापतं, आणि या वर्तुळात ते दोन्ही नाहीत. बांगडीला टोक नसतं तसं यालाही नाही, त्यामुळे सरळ साखळ्या गृहीत धरणारं सॉफ्टवेअर गोंधळतं. शिवाय प्रथिनं काढायच्या आधी आपण हेक्झेन या द्रावकाने बियांतलं तेल काढून टाकतो, आणि ही पेप्टाइडं तेलासोबत जातात. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा तेच फेकलं जातं. म्हणून तेलच घ्या, मिथेनॉलने त्यातली पेप्टाइडं वेगळी करा आणि ट्रिप्सिन न वापरता थेट वस्तुमान बघा. पहिल्या सायक्लोलिनोपेप्टाइडचा एक प्रोटॉन जोडलेला आयन १०४०.६ च्या आसपास दिसतो. वर्तुळ उघडलेलं असेल तर १८ ने जास्त.

घाण्यावरचं जवसाचं तेल ठेवलं की कडू होतं, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. त्या कडूपणामागेही हीच पेप्टाइडं आहेत. त्यांतल्या काहींमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं, त्याला ऑक्सिजन जोडला गेला की वस्तुमान १६ ने वाढतं. कडू चवीचं पेप्टाइड २००७ मध्ये ओळखलं गेलं. ताजं तेल, महिनाभर सावलीत ठेवलेलं आणि उन्हात ठेवलेलं, यांची तुलना हा चांगला प्रकल्प होईल. सोबत नागपूरच्या जवस संशोधन केंद्रातून निघालेला एनएल-२६० सारखा वाण आणि गावातलं घरचं बी, दोन्ही घ्या.

बियांतली प्रथिनंही बघायची असतील तर टरफलाचा चिकट बुळबुळीतपणा आधी काढा, नाहीतर गाळण होत नाही. हातमोजे घाला, केस बांधा. आपल्या त्वचेचं केराटिन हे प्रथिन नमुन्यात सर्रास शिरतं. प्रत्येक वाणाचे निदान तीन नमुने वेगवेगळ्या शेतांतले असावेत. एकाच पोत्यातले तीन चालणार नाहीत, कारण त्यातून फक्त यंत्र किती स्थिर आहे तेवढंच कळतं.

यंत्र गावात नसणं हा अडथळा मानू नका. वाळवलेला अर्क थंड ठेवून पाठवता येतो. आयआयटी मुंबईत मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुविधा आहे, आणि आय-स्टेम पोर्टलवर इतर संस्थांमधली यंत्रंही शोधता येतात. पाठवण्याआधी तिथल्या माणसाशी फोनवर बोला आणि वर्तुळाकार पेप्टाइड आहे हे स्पष्ट सांगा. विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, जवसाचा जीनोम २०१२ पासून उपलब्ध आहे.