२१०० साली २९ फेब्रुवारी का नसेल, आणि दसरा का सरकतो

तुमच्या मुलीने दोन्ही प्रश्न नेमके विचारलेत: २००० लीप वर्ष होतं तर २१०० का नाही, आणि आपल्या अधिक महिन्याचं २९ फेब्रुवारीशी काही नातं आहे का. आहे, आणि अगदी सख्खं आहे.

ऋतुचक्र एकदा पूर्ण व्हायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि वर काही सेकंद लागतात. वरचे तास सोडून दिले तर शंभर वर्षांत चोवीस दिवसांचा घोळ होतो. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे पटकन पटेल. ७ जूनच्या सुमारास मृग लागणार, या हिशोबाने तो मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बाग ताणावर सोडतो, म्हणजे तिचं पाणी तोडतो. लीप दिवस नसता तर शंभर वर्षांनी तोच मृग १ जुलैच्या आसपास लागला असता, आणि आजोबांची तारीख नातवाच्या काही कामाची राहिली नसती.

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ पासून चार वर्षांतून एक दिवस वाढवायची पद्धत सुरू केली. त्यात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं, म्हणजे खऱ्यापेक्षा सव्वाअकरा मिनिटं जास्त. एवढी मिनिटं कोणाच्या लक्षात येणार? पण १२८ वर्षांत त्यांचा अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत मागे आला आणि त्यावरून ठरणाऱ्या ईस्टरचं गणित बिघडलं. शेवटी १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच दुरुस्तीत आहे. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. म्हणून १९०० नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. ४०० वर्षांत लीप वर्षं १०० ऐवजी ९७, वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस. सूर्याचा आकडा ३६५.२४२२. शाळकरी भागाकारावर चालणारा नियम, आणि एक दिवस चुकायला तीन हजार वर्षं लागतात! मला तो फार आवडतो.

पंचांगाची अडचण मोठी आहे, कारण त्याला सूर्य आणि चंद्र दोघांनाही सांभाळायचंय. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात, दरवर्षी अकरा दिवस कमी. ही तूट साधारण ३२-३३ महिन्यांत महिनाभराची होते. मग ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलतच नाही, तो अधिक. इथे ४ ने भागून चालत नाही, सूर्य-चंद्राची गतीच बघावी लागते. हिजरी कालगणनेत अशी भर घालत नाहीत, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

मुलीला दसऱ्याच्या तारखा लिहून काढायला सांगा. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबर. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि दसरा एकदम २४ ऑक्टोबरला गेला. पुढे १२ ऑक्टोबर, मग २०२५ मध्ये २ ऑक्टोबर. आपल्या नागपुरात तर दोन्ही कालगणना एकाच घटनेत दिसतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी विजयादशमी होती. दीक्षाभूमीवर मोठा जनसागर लोटतो तो दसऱ्याला, म्हणजे तिथीने. तारखेने १४ ऑक्टोबरही पाळला जातो.